वामनकाकांची हरकत

हिवाळ्यात आमच्या गल्लीत घड्याळ बघायची गरज पडत नसे. वामनकाकांची खुर्ची कुठे आहे ते बघितलं की पुरे. खुर्ची तुळशीपाशी असली की शाळेची रिक्षा यायची वेळ. हातपंपापाशी आली की ऑफिसवाल्यांना उशीर झाला. पायरीला टेकली की भाजी फोडणीला टाकायची. आंगणात ऊन सरकत जाई आणि उन्हामागून काका. पायजमा गुडघ्यांपर्यंत दुमडलेला, गुडघ्यांवर मोहरीचं तेल, मांडीवर वर्तमानपत्र. दार सताड उघडं. येणाऱ्याजाणाऱ्याने तेलाकडे बघितलं तर स्वतःहून सांगत, "आमचे गुडघे सौर ऊर्जेवर चालतात. सकाळी चार्ज केले की निजेपर्यंत पुरतात."

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात आमची घरं पाठीला पाठ लावून उभी, गल्ली दोघांना वळसा घालून जाते. मधली भिंत सामाईक. तिच्या अलीकडे आम्ही, पलीकडे काकांचं आंगण. काकू गेल्या, मुलगा बंगळूरला, त्यामुळे काका एकटे. "एकटा कसा? भिंतीपलीकडे तू घोरतो न," असं म्हणायचे.

काकांनी जन्मभर शाळेत हिंदी शिकवलं. मराठी मात्र त्यांच्या आजोबांनी नागपूरहून आणली होती तश्शीच वापरत, एकदाही न धुता. मीही त्यांचाच विद्यार्थी. माझ्या हिंदी निबंधाखाली त्यांनी एकदा लाल शाईने शेरा मारला होता, 'मराठी उत्तम है.' घरी मी तो शाबासकी म्हणून दाखवला. वडिलांनी पुन्हा वाचायला सांगितला, तेव्हा कुठे कळला.

तर या काकांची सही मला हवी होती.

त्याचं असं झालं की माझ्या मुलाचं लग्न झालं. सून इथलीच, जबलपूरची, हिंदीभाषक घरातली, गोड मुलगी. दोघंही घरून काम करणारे. मुलगा खोलीत बसे, आणि सून स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण इंटरनेट तिथेच नीट येई. त्यामुळे तिच्या प्रत्येक मीटिंगमध्ये आमचा कुकर बोले. तिच्या साहेबांना आमच्याकडे कोणत्या दिवशी छोले असतात ते पाठ झालं होतं. ती कधी कुरकुरली नाही. पण मुलगा सुटीच्या दिवशी शहराबाहेरच्या नव्या कॉलन्यांमध्ये फ्लॅट बघायला जाऊ लागला, आणि संक्रांतीनंतर एक ठरवून टाकू म्हणाला. मंजू म्हणजे माझी बायको. तिने त्या दिवशी मला दोनदा मीठ घातलेली आमटी वाढली. मी ती मुकाट्याने संपवली आणि जाहीर केलं, "वर एक खोली काढू."

नक्शा पास करून घेणं हे काम दुबेजींचं. दुबेजी इंजिनीअर. स्कूटरवर येत, आणि आमच्या घराकडे बघून डॉक्टरसारखे 'हं' म्हणत. त्यांनी मला नियम समजावून सांगितले. "भाईसाहब, नई कॉलोनी होती तो तीन मंज़िल उठा देते. ये पुराना शहर है. बगल में बावड़ी है. धरोहर वाला इलाका है."

आपलं घर धरोहर, म्हणजे वारसा, आहे हे मला प्रथमच कळत होतं. आधी कळतं तर न्हाणीघराच्या गळतीकडे मी इतकी वर्षं जरा आदराने बघितलं असतं.

धरोहर असल्यामुळे समोरच्या तीन कमानींना हात लावायचा नाही. वरचं बांधकाम त्यांच्या मागे घ्यायचं, रस्त्यावरून दिसता कामा नये. शिवाय गल्ली रुंद होणार म्हणून पुढची जागा सोडायची. गल्ली रुंद होणार हे मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतो आहे. तेवढ्या काळात रुंद झालो तो मीच. एकूण काय, खोली मागेच सरकवावी लागणार होती, थेट काकांच्या भिंतीवर. आणि भिंत सामाईक असल्याने शेजाऱ्याचं 'अनापत्ति पत्र', म्हणजे आपलं ना-हरकत, हवं होतं. त्यावाचून फाईल पालिकेच्या दफ्तरातून जशीच्या तशी परत आली.

"बस एक साइन," दुबेजी म्हणाले. "कक्का जी तो घर के आदमी हैं."

मी ऑफिसातून येताना खव्याची जिलेबी घेतली आणि दिवेलागणीला काकांकडे गेलो. काकांनी जिलेबी आधी खाल्ली, मग बोटं पुसली, मग चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचला. "'मुझे इस निर्माण पर कोई आपत्ति नहीं है.'" चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काहून रे, आपत्ती काय मला विचारून येते?"

"अहो काका, आपत्ती म्हणजे ती आपत्ती नाही."

"मग कोणती? भूकंप आपत्ती, पूर आपत्ती. उद्या तुझी खोली माझ्या डोक्यावर पडली, तर लोक म्हणतील, यानंच लिहून दिलं होतं आपत्ती नाही म्हणून. अशी गोष्ट लिहून द्यायची नसते बाबा. लिहिली की येते."

"काका, तुम्ही जन्मभर हिंदी शिकवलं."

"शाळेत हिंदी. माझ्या दारात आला न, की अर्थ मराठीतच लागणार." कागद घडी घालून माझ्या खिशात ठेवला. "सकाळी ये. दहा-अकराला. निवांत बोलू."

सकाळी दहा-अकराला मी कॉलेजच्या अकाउंट्स विभागात असतो हे त्यांना माहीत होतं. मी पुन्हा संध्याकाळी गेलो, जिलेबीसकट. पुन्हा जिलेबी खाल्ली गेली, पुन्हा आपत्ती नाकारली गेली. "'आपत्ती न येवो' असं लिहून मागितलं असतं तर दिलं असतं," म्हणाले, "त्याला काही पुरावा लागत नाही." आणि निघताना पुन्हा तेच, "सकाळी येत जा न."

तिसऱ्या जिलेबीनंतर मंजू म्हणाली, "तुम्ही सही आणायला जाता का जिलेबी पोचवायला?"

"ते शब्दावर अडून राहिलेत."

"शब्दावर कोणी अडत नसतं. तुमचे वडील तरी मांडवात कशावर अडले होते? पंगतीत श्रीखंड आधी की जिलेबी, यावर. खरं कारण माझ्या काकांनी त्यांना नमस्कार केला नव्हता."

हे मला आमच्या लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळत होतं, पण तो विषय मी तिथेच सोडला. घरात फ्लॅटची माहितीपत्रकं येऊ लागली होती. एकावर स्विमिंग पूल होता. आमच्या घरात पोहता येणारं कोणी नाही, तरी मला त्या पूलची भीती वाटायला लागली.

शेवटी एका रविवारी सकाळी मी गेलो. जिलेबी नेली नाही. काका हातपंपापाशी होते, म्हणजे अकरा वाजायला आले असावेत. समोर मटारचा ढीग. जानेवारीत जबलपुरात माणसापेक्षा मटार जास्त होतात.

"आला का? बस. ती घे चटई. सोल."

"काका, ते पत्र..."

"आधी सोल. रिकाम्या हातानं बोललं की माणूस भांडतो."

मी बसलो. घरातून स्वेटर, मफलर, कानटोपी घालून निघालो होतो. थोड्या वेळाने टोपी काढली, मग मफलर. पाठीवर ऊन असं पसरलं की जणू आईने हात फिरवावा. दाणे परातीत पडत होते. काका काहीबाही सांगत होते, त्यातलं निम्मं मला ऐकू येत नव्हतं, कारण मला डुलकी लागली होती. मटारची शेंग हातात धरून मी चक्क झोपलो. जाग आली तेव्हा ऊन डोळ्यांत आलं होतं. ते कुठून येतंय म्हणून वर बघितलं.

सूर्य आमच्या भिंतीच्या बरोब्बर वर होता. थंडीतला सूर्य, खाली उतरून, भिंतीच्या डोक्यावरून वाकून आंगणात बघावं तसा. म्हणजे जिथे दुबेजींच्या नक्शात सूनबाईंची खोली होती, बरोब्बर तिथे.

काकांनी माझ्या हातातली शेंग काढून घेतली आणि सोलली.

"सरळ सांगायचं होतं न काका," मी शेवटी म्हणालो.

"काय सांगू? तुझ्या घरातलं माणूस घर सोडून जाऊन राहिलं, अन् मी म्हणू मला ऊन पाहिजे?" दाणे परातीत टाकले. "शेजाऱ्याला साखर मागावी, विरजण मागावं. ऊन काय मागतात का कोणी? चांगलं दिसते का ते?"

"म्हणून आपत्ती."

"मग. एक शब्द सापडला होता, त्याच्या आडोशाला बसलो." पुढची शेंग उचलत म्हणाले, "जिलेबी चांगली होती पण."

दुबेजींना मी सांगितलं, खोली भिंतीपासून मागे घ्या. ते म्हणाले, मागे म्हणजे पुढे, आणि पुढे नियम आहेत. खरंच होतं. पुढून शासन आणि मागून काका, यांच्यामध्ये जी जागा उरली तिच्यात खोली बसली ती दुधीभोपळ्यासारखी, लांबट आणि एका टोकाला चेपलेली. नक्शातली बाल्कनी गेली. सूनबाईने नक्शा बघितला. मी तिला कारण सांगितलं. ती म्हणाली, "पापाजी, टेबल आ जाएगा ना? और दरवाज़ा बंद होगा?" दोन्ही होणार होतं. "फिर ठीक है. कक्का जी की धूप कैसे रोकेंगे." तिने माहितीपत्रकं रद्दीत टाकली, स्विमिंग पूलसकट. ती मला तेव्हा माझ्यापेक्षा बरीच शहाणी वाटली. मंजूच्या मते त्यात विशेष काही नाही.

काकांनी पत्र लिहिलं. छापील कागद नाकारून स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात, मराठीत. 'शेजारच्या वरच्या खोलीस माझी काहीही हरकत नाही.' मी भरल्या मनाने ते दफ्तरात नेलं. खिडकीतल्या बाबूने वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "ये बुज़ुर्ग लिख रहे हैं कि इनकी कोई हरकत नहीं है. इन पर कोई इल्ज़ाम है क्या?"

"नहीं नहीं," मी म्हणालो, "हरकत मतलब आपत्ति."

"हरकत मतलब हरकत. हम भी पढ़े-लिखे हैं."

माझं हिंदी काकांनीच तपासलेलं असल्याने मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी काकांनाच घेऊन गेलो. कोट, काठी, गुडघे सकाळीच चार्ज केलेले. काकांनी खिडकीत वाकून त्यांच्या ठेवणीतल्या शुद्ध हिंदीत सांगितलं, "बेटा, जिसे आप आपत्ति कहते हैं, उसे हम हरकत कहते हैं. और जिसे आप हरकत कहते हैं, वो हमने इस उमर में छोड़ दी है."

बाबू हसला. मागची रांगही हसली. तो म्हणाला, "कक्का, एक लाइन हिंदी में लिख दीजिए, मेरी नौकरी का सवाल है."

काकांनी पेन घेतलं. मग लिहिलं, 'मुझे कोई आपत्ति नहीं है,' आणि पेन परत देण्याआधी खिडकीच्या लाकडी चौकटीला हात लावून तो कपाळाला लावला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "लिहून तर दिलं. आता तू पाया पक्का कर."

खोली झाली. सूनबाईच्या मीटिंगा वर गेल्या, कुकर खाली राहिला. तिच्या साहेबांनी, म्हणे, एकदा विचारलं की आजकाल तुमच्याकडे छोले होत नाहीत का. काकांची खुर्ची तुळशीपासून पायरीपर्यंत फिरत राहिली, आणि रविवारी तिच्याशेजारी एक चटईही पडू लागली. मटार सोलताना मी झोपायचो. काका म्हणत, "याच्या घोरण्याला माझी हरकत आहे, ती मात्र लिहून घ्या."

ते उन्हाळ्यात गेले. जबलपूरच्या मे महिन्यात, जेव्हा उन्हाची कोणाला किंमत नसते आणि सगळी गल्ली सावलीला चिकटून बसलेली असते. कोणाला त्रास नाही, दवाखाना नाही. त्यांच्या मुलाने घर विकलं. त्याचंही बरोबर आहे, बंगळूरहून ऊन सांभाळता येत नाही. नवा मालक तरुण आहे, बँकेत नोकरीला, भला वाटतो. घराच्या चाव्या त्याने तूर्त आमच्याकडेच ठेवल्या आहेत. काकांची खुर्ची अजून आंगणात आहे. ती कुणी सरकवत नाही, त्यामुळे गल्लीला वेळ चुकीची कळते.

आता पुन्हा थंडी पडली आहे. परवा संध्याकाळी दुबेजी आले. ते या नव्या मालकाचा नक्शा करताहेत. आंगणावर छत टाकून दोन खोल्या काढायच्या आहेत, नियमात बसतं म्हणाले. सामाईक भिंत, म्हणून माझं अनापत्ति पत्र. येताना खव्याची जिलेबी आणली होती.

"बस एक साइन, भाईसाहब. आपको कोई आपत्ति तो नहीं?"

मला नव्हती. त्याचं आंगण, त्याच्या खोल्या, आमचं ऊन काही जात नव्हतं. मी जिलेबी खाल्ली, बोटं पुसली, चष्मा लावला. मंजू दारातून बघत होती. मी कागद वाचला, आणि माझ्या तोंडून आलं, "दुबेजी, आपत्ति क्या पूछ के आती है?"

दुबेजींनी कपाळावर हात मारला. काकांची सही अडली होती तेव्हा मीच हे वाक्य त्यांना ऐकवलं होतं, ते आठवलं असावं.

मी कागदाची घडी घालून त्यांच्या खिशात ठेवली. "मैं साइन कर दूँगा. नए मालिक जो कहेंगे, उसी पे कर दूँगा. बस उनको इतवार को भेज दीजिए. सुबह, दस-ग्यारह बजे. एक बार आँगन में बैठ लें, फिर जो बनाना है बनाएँ."

मटार मी आणून ठेवले आहेत.