नेम चुकला, असं ऑर्व्हल म्हणाला

ऑर्व्हल स्टेन्सरूडनं एकतीस वर्षं टपाल वाटलं. वायोमिंगच्या त्या माळावर एका घराचा धूर दुसऱ्या घरातून दिसत नाही. तिथल्या कच्च्या रस्त्यांवरून त्याची गाडी हिंडायची. कुणाचा मुलगा पत्र पाठवत नाही, कुणाला औषधाच्या पार्सलाची वाट आहे, हे सगळं त्याला ठाऊक असे. माणूस भला, पण भिडस्त. आपल्याविषयी कुणाचं मत वाईट झालं तर त्याला घास गोड लागत नसे.

निवृत्त झाला आणि महिन्याभरात घरातच अडगळ झाल्यासारखं त्याला वाटू लागलं. त्याची बायको फर्न म्हणायची, "तू बसलास की खुर्चीसुद्धा म्हातारी दिसते रे." शनिवारी सकाळी कॅफेतल्या लांब टेबलाशी गुराखी नि मेंढीवाले जमत. तेही सोडत नसत. "ऑर्व्हलनं जन्मात काय मारलं? शिक्के!" असं म्हणून हसत. ऑर्व्हलही हसायचा. पण लागायचंच.

माइते इरिबेरीचं घर त्याच्या टपालाच्या वाटेवरचं शेवटचं. सत्तरीची बाई, स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळांच्या वंशातली, तीन पिढ्या मेंढ्यांत गेलेल्या. नवरा वारला होता, मुलं शहरात गेली होती. चारशे मेंढ्या, एक पांढरा राखणीचा कुत्रा आणि ती, एवढाच संसार. कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून हडकुळा असा कायोटी तिथं जागोजाग आहे. वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की तो कोकरं उचलतो. माइते स्वतः नेमबाज होती, पण गुडघे गेले. बर्फातून चढण चढवेना. ऑर्व्हल आपणहून तिच्याकडे गेला.

"मला शिकवता का? तुमच्या वतीनं मी जाईन."

माइतेनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुत्र्यांनी फाडलेल्या विजारींशिवाय शिकारीचा काही अनुभव?"

"नाही."

"बरंय. म्हणजे वाईट सवयी मोडायला नकोत."

जानेवारीभर ती त्याला पहाटे घेऊन जायची. पिकअप उतारामागे ठेवायची, म्हणजे टेकडीवरून दिसत नाही. "दार आपटू नकोस. दार आपटलंस तर घरी जाऊन झोप, शिकार संपली." मग वारा बघायचा. वारा तोंडावर घ्यायचा, कारण कायोटी डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवतो. आपण काढलेला सशाचा आवाज ऐकून तो सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याखाली, म्हणजे आपला वास पोचेल त्या बाजूला, जातो, म्हणून ती बाजू मोकळी दिसली पाहिजे. टेकडीच्या माथ्यावर बसायचं नाही, आभाळावर माणूस उठून दिसतो. झुडपाला पाठ लावून, त्याच्या सावलीत बसायचं. मग लाकडी पुंगी ओठांत धरून जखमी सशासारखी किंकाळी काढायची. थोडीच. मग गप्प. वीस मिनिटं नाकावर बर्फ साचला तरी हलायचं नाही.

ऑर्व्हलची पहिली किंकाळी ऐकून माइते म्हणाली, "हा ससा मरत नाहीये, सर्दीनं बेजार झालाय."

तो शिकला. हात स्थिर होता, सोसही होता. पण माइतेनं एक गोष्ट रोज सांगितली, अगदी त्याला कंटाळा येईपर्यंत. "लांबचा घेऊ नकोस. पळता घेऊ नकोस. आणि गोळी सुटली की लागली असो वा नसो, त्या जागी चालत जायचं. रक्त दिसलं तर शेवटापर्यंत जायचं. अर्धमेलं जनावर मागे सोडणारा शिकारी नव्हे."

फेब्रुवारीत तिचा गुडघा सुजला आणि ऑर्व्हल पहिल्यांदा एकटा गेला. दिवस शनिवारचा होता. पुंगी वाजवून दहा मिनिटं झाली असतील, पलीकडच्या उतारावर कायोटी दिसला. तीनशे पावलांवर, दुडक्या चालीनं आडवा जात होता. ऑर्व्हलनं दम धरला असता तर तो जवळ आला असता. पण ऑर्व्हलच्या डोळ्यांसमोर कायोटी नव्हता, कॅफेतलं टेबल होतं. त्यानं चाप ओढला.

जनावर गर्रकन फिरलं, आपल्याच मागच्या पायाला चावलं आणि तीन पायांवर घळीकडे पळालं.

ऑर्व्हल चालत गेला. बर्फावर रक्त होतं, नाण्याएवढे थेंब. दोनशे पावलं गेला. पुढं घळ होती, खोल, झाडोऱ्यानं भरलेली. वारा बोचरा सुटला होता. काठावर उभं राहून त्यानं घड्याळात पाहिलं. टेबलावर लोक जमले असतील. तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला, आणि परतला.

माइतेच्या स्वयंपाकघरात तिनं कॉफी ओतत विचारलं, "काय झालं?"

"नेम चुकला. मागं बर्फ उडालेला दिसला."

"मग आनंद आहे. स्वच्छ चुकलेला नेम म्हणजे पाप नव्हे." तिनं त्याच्यापुढं बशी सरकवली. "आणि खरं बोललास. इथले बाप्ये तर म्हणतात, बंदूकच वाकडी होती."

ऑर्व्हलनं कॉफी संपवली आणि टोपी उचलली. कॅफेत त्यानं तीच गोष्ट सांगितली, आणि लोक खूप हसले.

मे महिन्यात मेंढ्या व्यायल्या, आणि कोकरं मरायला लागली. तरबेज कायोटी नरडं धरतो आणि काम संपवतो. ही कोकरं वेडीवाकडी फाडलेली होती, पाठीमागून, कानांशी, काही तर अजून जिवंत. माइते वाकून बघायची आणि मान हलवायची. "हे शहाण्या जनावराचं काम नाही."

ऑर्व्हल कुंपण दुरुस्त करायला जायचा तेव्हा ते ऐकायचा. त्याच्या मनात लगेच आलं होतं. तीन पायांवरचं जनावर ससा धरू शकत नाही. पण आलेला विचार त्यानं दाबला. दुसरंच काही असेल, असं स्वतःला सांगितलं. रोज सांगितलं.

मग एका सकाळी एलूरच्या, म्हणजे त्या पांढऱ्या कुत्र्याच्या, तोंडाला रक्त दिसलं. शेजारच्या मेंढीवाल्यानं निदान केलं, "माइते, कुत्रा उलटला. एकदा कोकराची चव लागली की संपलं." तिनं एलूरला साखळीनं बांधलं. त्या आठवड्यात आणखी चार कोकरं गेली. शेजारी म्हणाला, साखळी सोडवून जात असेल. कडी खरंच सैल होती.

तिनं ऑर्व्हलला फोन केला.

तो पोचला तेव्हा ती अंगणात उभी होती. केस विंचरलेले नव्हते. कुत्र्याची दोरी तिनं त्याच्या हातात दिली.

"नऊ वर्षं राखण केली यानं. माझ्या हातून होणार नाही. तुझा हात आता बसलाय. गवताकडे ने, आणि तो दुसरीकडे बघत असताना कर."

ऑर्व्हलनं तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलला नाही. दोरी घेतली, बंदूक घेतली आणि चालू लागला. गोठ्यामागं कुंपणापर्यंत गेला. एलूर त्याच्या मांडीला अंग घासून उभा राहिला आणि मेंढ्यांकडे बघू लागला. ऑर्व्हलनं बंदूक कुंपणाला टेकवली. तो गवतात बसला. एकतीस वर्षं हा माणूस लोकांची पत्रं त्यांच्या दारात पोचवत आला होता. आपलं एक वाक्य पोचवायला त्याला तीन महिने लागले होते.

तो कुत्र्यासकट परत आला. माइते पायरीवर बसली होती, कान झाकून.

"कुत्र्यानं नाही केलं," तो म्हणाला. "फेब्रुवारीत माझा नेम चुकला नव्हता. मागच्या पायाला लागला होता."

तिनं कानांवरचे हात हळू खाली घेतले. "रक्त होतं?"

"होतं."

"किती लांब गेलास?"

"घळीपर्यंत."

"आणि खाली?"

"नाही उतरलो."

"का?"

त्याला खोटं सुचलं नाही असं नाही. दोन-तीन सुचली. "थंडी होती. आणि कॅफेत सगळे जमले असतील, असं वाटलं."

माइतेनं कुत्र्याची दोरी त्याच्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "मी माझा कुत्रा मारायला दिला होता, ऑर्व्हल. तू दोरी घेतलीस."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना ती त्याला घळीच्या वाऱ्याखालच्या बाजूला घेऊन गेली. गुडघे दुखत होते तरी चढली, त्याचा आधार घेतला नाही. तिसऱ्या सकाळी तो कायोटी आला, तीन पायांवर उड्या मारत, बरगड्या मोजाव्यात असा. साठ पावलांवर थांबला. "मार," ती कुजबुजली. "नीट." त्यानं मारला. जागच्या जागी पडला.

तिनं त्याला जवळ जायला लावलं. मोडलेला पाय वाळक्या काटकीसारखा आखडला होता, मांडीचं हाड वाकडं जुळलं होतं. पुढचे दोन दात तुटले होते. आपल्याच जखमेशी झगडताना तुटले असावेत. "हात लाव," ती म्हणाली. त्यानं लावला. मग तो तिथंच रडला, आणि तिनं त्याला थोपवलं नाही, समजावलंही नाही.

एलूर सुटला; त्याच्या तोंडाचं ते रक्त जखमी कोकरांना चाटल्याचं होतं. कोकरं मरायची थांबली. पण उन्हाळाभर माइते त्याच्याशी बोलली नाही. शनिवारी ऑर्व्हल कॅफेत गेला आणि टेबलाशी उभ्यानं सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं, असं त्यानं घरी फर्नला सांगितलं. ती म्हणाली, "मला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतंस." तेही खरंच होतं.

शरदात गावात राहायला आलेलं एक जोडपं माइतेकडे शिकार शिकायला गेलं. तिनं त्यांना ऑर्व्हलचं घर दाखवलं. "त्याच्याकडे जा. वारा, पुंगी, बसण्याची जागा, सगळं त्याला येतं. आणि पुढचंही तो सांगेल." ते दारात आले तेव्हा ऑर्व्हलला ब्रह्मांड आठवलं. पण त्यानं त्यांना आत घेतलं, आणि बंदुकीला हात लावू देण्याआधी त्या घळीची गोष्ट सांगितली.

तेव्हापासून शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच आधी सांगतो. सांगणं त्याला अजून जड जातं. सवय होईल असं त्याला वाटलं होतं, झाली नाही. गेल्या डिसेंबरात त्या जोडप्यातल्या बाईचा फोन आला. तिची गोळी कायोटीच्या पोटात लागली होती, ती चार तास मागावर होती, शेवटी जनावर सापडलं आणि तिनं ते संपवलं. तिला हेच कुणाला तरी सांगायचं होतं.

"चांगलं केलंत," ऑर्व्हल म्हणाला. फोन ठेवून तो खिडकीशी उभा राहिला. फर्ननं विचारलं, कुणाचा होता? त्यानं सांगितलं. मग कोट चढवला आणि लाकडं फोडायला बाहेर गेला.