पहिल्या नमुन्यावरचा भरवसा

मी देव मानत नव्हतो असं नाही, पण पत्नी गेल्यापासून तीन वर्षं मी त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं. दर मंगळवारी ती टेकडीच्या गणपतीला जायची. तिच्यामागे मी एकदाही ती वाट धरली नाही. मूलबाळ नव्हतं. शहराबाहेर वाडीला गोदामांच्या मागे भाड्याची खोली, सकाळची बस, दिवसभर नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळात रक्त तपासण्याचं काम आणि पुन्हा तीच खोली. सुटीच्या दिवशी दूधवाल्याखेरीज कोणी हाक मारत नसे. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, नळ्या मांडतानाच छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं झालं. डावा हात जड पडला, घाम फुटला. दुसऱ्या कोणाला असं झालं असतं तर मी त्याला ओढत वरच्या वॉर्डात नेलं असतं. माझे वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी असेच बसल्या जागी गेले. मी शेहेचाळीसचा, दिवसाला बिडीचं एक बंडल संपवणारा. स्वतःचं कोलेस्टेरॉल दोनदा तपासलं होतं, दोन्ही वेळा जास्त निघालं आणि दोन्ही वेळा मी कागद फाडून टाकला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण वर जायचं नाही असं मी ठरवलं, ते वेगळ्याच भीतीने. भरती करताना विचारतात, सोबत कोण आहे? फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते. त्या प्रश्नापुढे गप्प उभं राहण्यापेक्षा मला छातीतली कळ बरी वाटली.

मग मी एक मूर्खपणा केला. दाराला कडी लावली, दातांनी रबर आवळलं आणि स्वतःच्या हातातून रक्त काढलं. हृदयाला इजा झाली की रक्तातलं एसजीओटी नावाचं द्रव्य वाढतं. तेव्हा आमच्याकडे तीच मोठी तपासणी. बारा वाजेपर्यंत आकडा हाती आला. अगदी ठीक. मी भिंतीला टेकून हात जोडले आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा म्हणालो, "देवा, सांभाळलंस रे." अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कळ थोडी उतरली होती. खोलीवर जाऊन, दार लावून निजायचं, एवढंच डोक्यात होतं.

नमुने घेण्याच्या खिडकीशी एक बाई उभी होती. कुहीकडच्या खेड्यातली, नवऱ्याला आदल्या दिवशी हृदयाच्या वॉर्डात आणलेली. तिने मला अडवलं. "भाऊ, सकाळचा रिपोट झाला का?" मी तुटकपणे म्हणालो, "कालचा पहिला तर चांगला होता ना, मग कशाला घाबरता?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, तुमीच तर काल सांगतलं! पयलं रगत चांगलं निघालं तरी भरोसा नोका करू, संध्याकाळी अजून द्या. अन् संध्याकाळी तं वाढलंच ना!"

एसजीओटी रक्तात चढायला कितीतरी तास लागतात, हे मी दर नव्या डॉक्टराला बजावत आलो होतो. स्वतःच्या वेळी मात्र मला ते आठवायचंच नव्हतं. "काहून इतका घाम येऊन राहिला, भाऊ?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता माझा दंड धरला. एक एक पायरी करत तिनेच मला वर नेलं. तिथल्या कारकुनाने फॉर्म पुढे करून ठरलेला प्रश्न विचारला. "मी आहो न," ती म्हणाली, "बहीण आहो मी याची." आणि तिने अंगठा उमटवला. मला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी माझं रक्त पुन्हा घेतलं. आकडा कितीतरी पट चढला होता. रात्री हृदयाचे ठोकेही बिघडले, पण डॉक्टर हाताशी होते. वाडीच्या बंद खोलीत मी वाचलो नसतो. पुढचे दिवस ती दोन खाटांमध्ये बसून असे. नवऱ्याला पेज भरवून झाली की उरलेली मला भरवायची. कोणाच्या हातून घास घेण्याची मला इतकी लाज वाटे की मी डोळे मिटून घेई.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा नवरा गेला. मी पडल्या पडल्या पाहत होतो. देवाने मला का राखलं आणि तिचं का नेलं, हे मला आजही कळत नाही, आणि मी कोणाला समजावायलाही जात नाही. मी त्याच्याकडे चांगला आकडा मागितला होता. त्याने माणूस पाठवलं, आणि तेही स्वतःच्या दुःखातून उठून आलेलं. तेव्हापासून मी काही मागत नाही. जे येईल ते, ज्याच्या हातून येईल त्याच्या हातून घेतो.

गावचे लोक आल्यावर निघण्याआधी ती माझ्या खाटेशी आली. डोळे सुजलेले होते. मी उठू लागलो, तर तिने खांदा दाबून मला परत निजवलं.

"उठू नोका, भाऊ. माहा मानूस तं गेला. तुमच्यासाठी म्या अंगठा देला आहे, त्याची लाज राखजा."