किसनमामाची जिवंत खेप

बल्लारपूर सोडलं तरी कागद कारखान्याचा आंबूस वास बराच वेळ गाडीतून उतरत नाही. त्या दिवशी तो चढलाच नाही, कारण गाडीत आधीच दुसरा वास मुक्कामाला होता. मोहाच्या दारूचा. किसनमामानं ती पांढरी पिकअप कपड्याच्या पावडरीनं आतून-बाहेरून घासली होती, नवं लिंबू-मिरची बांधलं होतं, वर अगरबत्ती लावली होती. आता देवळात दारू सांडल्यासारखा वास येत होता.

मागे ओल्या पोत्यांखाली प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्या होत्या. त्यांत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, आणि पाण्यात बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं). रोहू आणि कतला. चामोर्शीकडच्या एका गावातल्या तळ्यात ती जिवंत सोडायची होती. "ऊन चढायच्या आत पोचा, नाहीतर उकडून मरतील," असं हे मत्स्यबीज देणाऱ्या माणसानं बजावलं होतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते माझं आजोळ आहे आणि तिथल्या बायकांना मी भिते.

किसनमामा आईचा धाकटा भाऊ. बल्लारपुरात त्याला कट्टा किसन म्हणतात. कमरेला गावठी कट्टा खोचून फिरायचा. तो कट्टा कधीच उडाला नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आणि बाहेर कोणालाच नाही. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि वैनगंगा नदीच्या अलीकडची दारू पलीकडे पोचवण्यावर त्याची टोळी वर्षानुवर्षं पोसली गेली. या उन्हाळ्यात तो तुरुंगातून सुटला आणि आईच्या ओट्यावर बसून म्हणाला, "बाई, मले आता सरळ राह्याचं हाये. जो मधात येईन त्याची तंगडी तोडतो."

आजोबा त्या गावच्या तळ्यावर जाळं टाकायचे. तळं आता गावच्या मच्छीमार संस्थेकडे आहे. संस्थेनं मामाला निरोप धाडला होता: बीज आण, जिवंत आण, तर सभासद करू. मेलेलं आणलंस तर पुन्हा गावात पाय ठेवू नको.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.ए., राज्यशास्त्र. हे मी जिथं जाते तिथं सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. आई म्हणाली, "तू जाय त्याच्यासंगं. पोलिस भेटला तर शिकल्या माणसावाणी बोलाले कोणी पाह्यजे ना."

"आणि मासे मेले तर राज्यशास्त्र काय करणार?"

"मासोळ्यायचं तो पाहीन. तू त्याले पाह्य."

पहिला तमाशा पेट्रोल पंपावर झाला. मामा शहाण्यासारखा रांगेत उभा राहिला. पुढच्या ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं आणि ऑटो बाजूला घेतला. त्याच्या पुढचा मोटारसायकलवाला पेट्रोल न भरताच निघून गेला. बघता बघता रांगेत आम्ही एकटे, बाकीचे बाजूला. मामाचा चेहरा पडला. त्यानं गाडी मागे घेतली, बाजूला उभ्या राहिलेल्या लोकांच्या शेवटी नेऊन लावली आणि खाली उतरून ओरडला, "माह्या आधी उभे होते ना? मंग लागा ना लायनीत! पळाला तर याद राखा!"

लोक लागले. हात वर करायचेच काय ते बाकी होते. मला हसू यायला हवं होतं, पण आला संताप. एक माणूस रांगेत उभा राहायला निघाला होता, तर ते शहर त्याला रांगसुद्धा देत नव्हतं.

कोठारी मागे पडलं की सागाचं जंगल रस्त्याला येऊन भिडतं. पोळा होऊन गेला होता. साग फुलला होता, झाडांच्या शेंड्यांवर कोणी पीठ भुरभुरल्यासारखा. मधेच जंगल सरायचं आणि धानाच्या बांध्या (पाणी अडवलेले भातशेतीचे वाफे) लागायच्या. इतकं हिरवं, की डोळ्यांना गार वाटावं. मामा गाडी हळू चालवत होता. प्रत्येक खड्ड्याला मागे वळून "लागलं का रे?" असं विचारत होता. माशांना.

गोंडपिपरीला चहासाठी थांबलो. तिथले आलूभोंडे (बटाटेवडे) चांगले असतात, मिरची बेसनातच असते, वेगळी मागावी लागत नाही. मी पहिला घास घेतला आणि टपरीवरची माणसं उठून पिकअपभोवती जमली. कोणी काही विचारेना. नुसती उभी. शेवटी खांद्यावर हिरवा दुपट्टा टाकलेला एक जण मामाला चिकटला. "किसनभाऊ, कुठी होते इतके दिवस? गळा वाळून गेला ना आमचा."

"मी सोडलं ते. मासोळ्या हायेत गाडीत."

"मासोळ्या!" तो डोळा मारून हसला. "वा भाऊ, नवं नाव ठेवलं काय मालाचं?"

"अबे, खरंच मासोळ्या हायेत."

"तर मंग मलेबी द्या ना एक मासोळी. गावरानी."

सगळे हसले. मी उठले आणि बी.ए. झालेल्या आवाजात सांगितलं, की हा गृहस्थ आता व्यवसाय करतो, त्याला मान द्या, आणि त्याच्या गाडीपासून दूर व्हा. सगळ्यांनी माझं नीट ऐकून घेतलं. मी बोलत असताना दुपट्टेवाल्यानं पोत्याखालची एक पिशवी उचलली, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवली आणि धूम ठोकली.

मामा रस्त्याच्या मधोमध धावला. "चोर! चोर! पकडा त्याले! पोलिस!"

कट्टा किसनच्या तोंडून 'पोलिस' ऐकून टपरीवाल्याच्या हातचं भांडं खाली पडलं. मामा स्वतःही दचकला असावा, कारण तो लगेच गाडीत येऊन बसला.

वैनगंगा भरून वाहत होती. पुलावर मामानं हात जोडले. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. आष्टी मागे टाकली, चामोर्शीचा रस्ता धरला, आणि पुढे तपासणीला उभे असलेले पोलिस दिसले. मी पदर सावरला, घसा खाकरला. याच कामासाठी मी आले होते. तेवढ्यात गाडी गर्रकन वळली आणि एका जंगलवाटेनं झाडांत घुसली.

"मामा! कुठं चाललास? आपल्याकडे मासे आहेत!"

"माहीत हाये मले."

"मग पळतोस कशाला?"

"पोलिस दिसला ना!"

"अरे, मासे दाखवले असते तर त्यांनी सोडलं असतं."

"पोरी, पोलिसानं मले पैशे घेऊन सोडलं हाये. मासोळ्या पाहून सोडते का नाई, मले अनुभव नाई."

मी त्याला नको ते बोलले. मामा आहे, मोठा आहे, हेही पाहिलं नाही. तो गपगुमान ऐकत होता आणि वाट मात्र अशी घेत होता, की जणू त्यानंच आखली होती. त्यानंच आखली होती. ती त्याची जुनी दारूची वाट. एका नाल्यात चाक रुतलं. ऊन डोक्यावर आलं. मी ढकलत होते, तो चाकाखाली फांद्या घालत होता. गाडी निघाली तेव्हा मी पोतं उचलून पाहिलं. बोटुकली पिशवीत वर येऊन तोंडं उघडत होती. मिटत होती, उघडत होती. मामानं आपला शर्ट काढला, नाल्यात बुडवला आणि पिशव्यांवर पसरला.

"जवळच हाये आता," तो म्हणाला. मला, की त्यांना, कोण जाणे.

जवळच होतं. वाट गावामागच्या बांध्यांशी निघाली आणि तिथं बायका उभ्या होत्या. निंदणावरून आलेल्या, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, हातांत विळे आणि काठ्या. गावच्या दारूबंदी समितीच्या बायका. त्या वाटेवर त्यांची रोज नजर असते. गाडी ओळखीची, वाट ओळखीची, वास ओळखीचा, आणि चालवणारा उघडाबंब कट्टा किसन.

या बायकांचा एक नियम आहे. पकडलेली दारू ठाण्यात द्यायची नाही, तिला पुन्हा पाय फुटतात. जागच्या जागी ओतायची, आणि बोलायचं ते त्यानंतर. पुढे होत्या सुमनबाई, समितीच्या प्रमुख. मच्छीमार संस्थेतही त्यांचाच शब्द चालतो. मी दार उघडून "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी पोत्याखालून पिशवी ओढली, वर धरली आणि विळा फिरवला.

पाणी धुळीत पडलं. पाण्याबरोबर चांदीचे तुकडे पडले आणि उडू लागले.

"माय वं!" कोणीतरी ओरडलं. "मासोळ्या होय वं या!"

मग जी पळापळ झाली! काठ्या फेकल्या, विळे फेकले. पदरात, ओंजळीत, डब्यात, डोक्यावरच्या टोपलीत बोटुकली गोळा करून बायका बांधीच्या पाण्यात टाकू लागल्या. मीही पदर पसरला. मामा चिखलात गुडघ्यांवर बसला होता, एकेक पिल्लू चिमटीत धरून "जाय, जाय" म्हणत होता. एका म्हातारीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "दाबू नको रे, मरीन ते!"

मी सुमनबाईंसमोर उभी राहिले. दिवसभराचा राग होता, तो सगळा त्यांच्यावर काढला. न विचारता माल नष्ट करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? कायदा हातात घेणाऱ्या तुम्ही कोण? एका माणसाला सुधारायचं आहे, तर संधी द्यायची की नाही?

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हात धुळीनं आणि खवल्यांनी भरले होते.

"तू शेवंताची पोरगी ना?"

"हो. आणि मी बी.ए. आहे."

"चांगलं हाये. माह्या नवऱ्याले यानं पाजू पाजू मारलं, तवा कायदा कोणाच्या हातात होता, ते तुह्या बुकात लिहिलं हाये काय?"

राग तसाच होता, फक्त तो ठेवायला जागा सापडेना. मामाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बांधीच्या पाण्यात हात धुत होता, आणि हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"बाकीच्या पिशव्या घे," सुमनबाई त्याला म्हणाल्या. "इथी उन्हात काऊन उभा हायेस? मरतीन त्या."

तळ्यावर पिशव्या लगेच फोडायच्या नसतात. आधी तशाच बंद तरंगू द्यायच्या, आतलं पाणी आणि तळ्याचं पाणी सारखं निवलं की मग तोंड उघडायचं. मामा छातीभर पाण्यात उतरला आणि पिशव्या दोन्ही हातांत कवटाळून उभा राहिला. सगळं गाव पाळीवर (तळ्याचा बांध) जमलं होतं. ज्याला कुठंही थांबायची सवय नव्हती तो माणूस थांबला होता. मग त्यानं एकेक तोंड सोडलं. काही पिल्लं पांढरं पोट वर करून तिथंच तरंगत राहिली. बाकीची क्षणभर पिशवीच्या तोंडाशी घुटमळली आणि खाली निघून गेली. पुष्कळ गेली. पाण्यावर बारीक सळसळ उठली आणि मिटली.

"जित्या हायेत!" मामा ओरडला. गावात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सुमनबाईंनी हात पुढे केला. "गाडीची चाबी."

त्यानं दिली.

"गाडी इथीच राहीन. कोंबड्या बसतीन तीत. मासोळ्या मोठ्या होयेस्तोवर तू या पाळीवर झोपशील आणि राखण करशील. एकबी मासोळी चोरीले गेली तर माह्याशी गाठ हाये. आणि माफ-बिफ केलं असं समजू नको."

"नाई समजत, वैनी."

जेवायला सुमनबाईंच्याच घरी बसवलं. भात आणि झिंग्यांचा (लहान कोळंबी) तिखटजाळ रस्सा. मामाचं ताट बाहेर, ओट्यावर. त्यानं दोनदा भात मागितला आणि त्यांनी दोन्हीदा वाढला, त्याच्याकडे न पाहता.

परत मी एस.टी.नं निघाले. गोंडपिपरीला गाडी थांबली, तर टपरीवर हिरवा दुपट्टा बसलेला. मी खाली उतरले. पूर्ण प्रवासात मला माझ्या रागाला लायक असा हा एकच माणूस सापडला होता.

"चोरट्या! माह्या मामाच्या मासोळ्या कुठी हायेत?" शाळा-कॉलेजात घासूनपुसून काढलेली बोली अशी वेळेला परत येते.

तो उठून उभा राहिला. "बाई, त्यात खरंच मासोळ्या निघाल्या ना. मंग काय करतो? जीव होते. घराच्या मांगच्या बोडीत (लहान तळं) सोडल्या."

"जिवंत आहेत?"

"उड्या मारून राह्यल्या. पोट्टे-सोट्टे पाहाले बसले होते." तो जरा थांबला. "किसनभाऊले सांगजा, या खेपेचा माल एक नंबर होता."

टपरी हसली. मी हसले नाही. बसमध्ये येऊन बसले आणि बल्लारपूरपर्यंत धुमसत राहिले. ज्या बाईचा संसार मामानं बुडवला, तिनं त्याला भात वाढला, काम दिलं, वर धाकही दिला. आणि ज्यांचं त्यानं फक्त व्यसन भागवलं, ते अजून त्याच्या गाडीभोवती उभे आहेत.

कागद कारखान्याचा वास आला, बल्लारपूर आलं. आई दारातच होती.

"किसन कुठी हाये?"

"तळ्यावर. राखण करतो आहे."

"मासोळ्यायची?"

"हो."

आईनं पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे ते मी विचारलं नाही. आत जाऊन आधी अंगावरची साडी बदलली. तिला मोहाचा वास येत होता, आणि पदराला चिकटलेले खवले मात्र मी झटकले नाहीत.