गप तात्या

तात्यांच्या गॅरेजात पाऊल टाकणाऱ्याचं स्वागत एकाच शब्दानं व्हायचं. ‘गप.’ या-बसा नाही, चहापाणी नाही, गाडीला काय झालंय हेसुद्धा नाही. आधी गप. मग तो एमआयडीसीतला कामगार असो, इंदापूरकडचा डाळिंबवाला असो, की एखाद्या पुढाऱ्याचा गळ्यात साखळी घालून फिरणारा भाचा असो. त्यांचं आडनाव बारामतीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ‘गप तात्या’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर इंदापूर रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडसमोर आणून सोडायचा.

ही शांतता त्यांना एकाच कामासाठी लागायची. आमच्या भागात ऊस कारखान्याला गेला की पोरांना मोठी गाडी हवी असते, दोन सिलिंडरची. अशा गाडीला हवा ओढायला दोन घसे असतात, थ्रॉटल बॉडी म्हणतात त्यांना. वापरता वापरता एक जास्त ओढायला लागतो, दुसरा कमी. मग गाडी सिग्नलला उभी असताना हिवताप आल्यासारखी थरथरते. दोघांना बारक्या नळ्या लावायच्या, नळ्यांच्या टोकाला काट्याची घड्याळं, आणि इंजिन चालू ठेवून स्क्रू केसभर फिरवत दोन्ही काटे एका रेषेत आणायचे. याला सिंक करणं म्हणतात. दर मोठ्या सर्व्हिसिंगला करायचं साधं काम आहे. तात्यांनी त्याची पूजा करून ठेवली होती.

दोन्हीपैकी एका घशाच्या स्क्रूला कंपनीतूनच रंगाचा ठिपका येतो, त्याला हात लावायचा नसतो. ‘थोरल्याला डिवचायचं न्हाय,’ तात्या म्हणायचे, ‘धाकट्याला त्याच्या मेळात आणायचं. घरातबी आसंच आस्तं.’ त्यांच्या स्वतःच्या घरात ते दोघंच होते, ते आणि काकू. त्यात थोरलं कोण हे बघणाऱ्याला लगेच कळायचं. तात्या पान्यावर, काकू काट्यांसमोर पाटावर. नऊवारीचा पदर खोचून काकू नुसतं ‘डावा खाली’, ‘आला, आला, थांबा’ म्हणायच्या आणि तात्यांचा हात त्या शब्दावर थांबायचा. गॅरेजात बोलायची परवानगी असलेलं ते एकमेव माणूस.

खरं म्हणजे काटे जुळले की काम संपतं. तात्यांचं संपायचं नाही. ते घड्याळं बाजूला सारायचे, गाडीच्या टाकीवर कान टेकवायचे, डोळे मिटायचे आणि स्क्रू आणखी नखभर फिरवायचे. ‘काटा किती ते सांगतो, कसं ते कान सांगतो.’ त्या शेवटच्या नखभराने काही फरक पडायचा का? मी लासुर्ण्याहून रोज बारामतीला दूध डेअरीच्या प्लँटवर त्यांनीच सिंक केलेल्या माझ्या गाडीने येतो, मला तरी कधी कळला नाही. पण त्या क्षणी तात्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघायला आम्ही ड्युटी सुटल्यावर मुद्दाम बाकड्यावर येऊन बसायचो.

आणि नेमका तोच कान गेला.

एकदम नाही गेला. आधी तात्या गाड्यांवर चिडायला लागले. ‘ही हल्लीची इंजनं मुकीच हायत, बोलतच न्हायत.’ मग रस्त्यावर चिडले. मग पत्र्यावर बसणाऱ्या कबुतरांवर. ‘गप’ वाढत गेलं. कुणी काही बोललेलं नसतानाही ते मागे वळून ‘गप’ म्हणायचे. काकूंनी तोंडाने सांगणं कधी सोडलं ते आमच्या ध्यानातही आलं नाही. एक दिवस पाहतो तर त्या डावा-उजवा तळहात वरखाली करून काटा सांगत होत्या आणि तात्या इंजिनाकडे बघायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघत होते.

काकूंना वाटायचं, हे गुपित त्यांच्या एकट्यापाशी आहे. मागचं दार लोटून त्या तात्यांना समजवायच्या, ‘अवो, पुण्याला कानाच्या डॉक्टरला दाखवू की!’ पण त्यांना ऐकू जायचं तर ओरडूनच बोलायला हवं. ते पत्र्यातून अर्ध्या इंदापूर रस्त्याला ऐकू जायचं. वर तात्यांचं उत्तर त्याहून मोठ्याने, ‘कानात मशीन घातलेला मेकॅनिक बगितलाय का कुटं? उद्यापासनं कोन गाडी देईल मला?’ त्यात तथ्य नव्हतं. काटे होते, डोळे शाबूत होते, काकूंचे हात होते. कान नसतानाही ते मरेपर्यंत हे काम करू शकले असते. पण आपण काट्याने जुळवणारे नाही, कानाने जुळवणारे आहोत, ही एकच गोष्ट त्या माणसाने आयुष्यभर मिरवली होती. ती हातची सुटेल याची त्यांना भीती होती.

म्हणून आम्हीही सोंग घेतलं. काही ठरवलं नव्हतं कुणी. तात्यांनी टाकीवर कान ठेवला की बाकड्यावरची सगळी माणसं श्वास रोखायची. मोबाइल बंद. नवं गिऱ्हाईक बोललं तर आम्हीच त्याला दटावायचो. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी एवढी शांतता आमच्या तालुक्यात कुठल्या देवळात पाळली गेली नसेल.

इंजिन पुरतं गरम झाल्याशिवाय सिंक करत नाहीत, म्हणून तात्या आधी गाडी लांबवर हाणून आणायचे आणि गाडीच्या मालकाला मागे बसवायचे. माझ्या गाडीच्या वेळी परतताना त्यांनी रस्त्याकडेला थांबवली. उसाला पाणी चाललं होतं. हेल्मेट काढून, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘लासुर्णेकर, पूर्वी मला गप म्हनाया लागायचं. आता तुमी आदीच गप बसताय.’ मी काहीतरी पुटपुटलो. ते त्यांना ऐकू गेलं नाही, आणि त्यांनी परत विचारलंही नाही. स्टार्टर न दाबता नुसताच हात टाकीवर ठेवून उभे राहिले.

त्यानंतर ते कामाच्या वेळी शटर खाली ओढायला लागले. रस्त्याचा आवाज नको, असं सांगायचे. मला वाटतं, त्यांना आमचे चेहरे नको होते. आत धूर कोंडायचा, डोकं ठणकायचं, काकू त्यांना बाम चोळायच्या आणि मागचं दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात बसायच्या. शटर खाली म्हणजे कुणी वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, हा गॅरेजचा नवा कायदा झाला. तो आम्ही जुन्याहून कडक पाळला.

त्या दिवशी काकू चतुर्थीला मोरगावला गेल्या होत्या. कुणाच्या तरी वाढदिवसाची मिरवणूक मागच्या रस्त्याने निघाली, डीजे लावून. तो दणका कानाला नाही कळला तरी छातीला कळतोच. आत तात्यांनी शिवी हासडली आणि मागचं दार आपटून लावल्याचं आम्ही ऐकलं. मिरवणूक पुढे गेली. इंजिन चालूच होतं. आम्ही चौघे-पाच जण बाकड्यावर, नेहमीसारखे मुकाट. एक सायकलवाला घंटी वाजवत आला, त्याला आम्ही हाताने थांबवलं. आतून आवाज इतका एकसारखा, इतका गोड येत होता की कुणीतरी कुजबुजलं, ‘जमलं बरं का तात्यांना.’ आम्ही माना डोलावल्या.

काकू एसटीतून उतरून आल्या. शटर खाली बघितलं, मग बोळातून मागे गेल्या, मागचं दारही आतून बंद बघितलं, आणि तिथून त्या ज्या धावत आल्या ते मला आठवायलाही नको वाटतं. प्रसादाची पिशवी रस्त्यात टाकून त्यांनी दोन्ही हातांनी शटर बडवलं. आम्ही उचललं तेव्हा निळा धूर आधी बाहेर आला. तात्या गाडीला टेकून बसले होते, गाल टाकीला लावून. नेहमी बसायचे तसेच. म्हणून पहिल्यांदा आम्हाला कळलंच नाही. दवाखान्यात नेलं, पण ते उगाच नेलं.

मला अजून राग येतो. कुणाचा ते कळत नाही. त्यांच्या हट्टाचा म्हणावं तर हट्ट आम्हीच जोपासला. माया माया म्हणतात ती हीच असेल, तर तिचा कुणाला काय उपयोग झाला? एकाने जरी अडाण्यासारखी बोंब मारली असती, शटरला लाथ घातली असती, तर आज ते आमच्यावर खेकसत असते.

दहाव्याच्या दिवशी घाटावरून परतल्यावर काकू मला शेडमागे घेऊन गेल्या. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, ‘माजंच चुकलं, दादा. त्यास्नी ऐकायला यीत न्हवतं. मी कुनाला सांगितलंच न्हाय. तुमाला ठावं आसतं तर तुमी हाक मारून वाट बगत बसला नसता, शटर उगाडलं आसतं.’

हाक तर आम्ही मारलीच नव्हती. मला ते लपवून ठेवता येईना. म्हणालो, ‘काकू, आम्हाला माहीत होतं. सगळ्यांना.’

मला वाटलं, आता या बाईने मला थोबाडीत मारावी आणि मोकळं करावं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘तुमाला ठावं हाय, ह्ये त्यास्नी कळलं हुतं का?’

उसाकडेला टाकीवर हात ठेवून उभे राहिलेले तात्या मला आठवले. ‘नाही,’ मी म्हणालो.

‘न्हाय ना? बरं झालं,’ काकू म्हणाल्या, आणि तिथेच मातीत बसून पहिल्यांदा रडल्या.