कणगीचा काठ

“अव्वा, आदी माजा झाडा बगा, मंग दार लावा.”

गोजाबाई हे रोज संध्याकाळी म्हणायची, कुणी मागितलेलं नसताना. उंबऱ्यावर उभी राहून ती पदर सोडायची आणि दोन्ही हातांनी फडकवायची. कमरेची चंची उलटी करून सुपारीचं खांड आणि चुन्याची डबी तळहातावर धरायची. मग हसायची. समोरच्याला ओशाळल्यासारखं झालं तर त्यालाच धीर द्यावा, तशी.

ही सवय तिला मिलच्या दारात लागली होती. पाळी सुटली की बाकीच्या बाया सरळ बाहेर पडत. तारेच्या कुंपणातल्या वसाहतीतून येणाऱ्या बायांना मात्र वेगळ्या रांगेत उभं करून त्यांचा झाडा घेत. पुढे मिल सुटली, पण झाडा सुटला नाही. शेजारणीच्या खोलीतून निखारा घेऊन निघाली तरी ती दारात पदर झटकायची. लेकीच्या घरून निघतानासुद्धा. लेक सोजर कपाळावर हात मारून घेई. “आये, माज्या घरात हाय काय न्यायला? हे प्वार तेवढं हाय. ते ने की!”

गोजाबाई कैकाड्याची. पालात जन्मली, गाढवाच्या पाठीवर वाढली. दक्षिणेकडच्या तालुक्यांतून तिच्या माणसांची वाट ठरलेली असे. सुगी झाली की गावाबाहेर उतरायचं, निरगुडीचे फोक आणि तुराट्या आणायच्या, घरोघर टोपल्या, पाट्या, धान्य साठवायच्या कणग्या विणून द्यायच्या आणि जोंधळा घेऊन पुढच्या गावाला लागायचं. मग एका सुगीला एका गावात चोरी झाली. चोर सापडला नाही, पाल सापडलं. गोऱ्या साहेबाने कायदाच केला होता की काही जातींची माणसं जन्मालाच चोर म्हणून येतात. चोरी त्यांच्या रक्तातून उतरते. गोजाबाई, तिचा नवरा ज्ञानबा आणि कडेवरची सोजर अशी तिघं सोलापूरला आली आणि तारेच्या कुंपणात राहू लागली. लोक त्या वसाहतीला सेटलमेंट म्हणत. सकाळ-संध्याकाळ हजेरी, बाहेर जायचं तर चिठ्ठी. ज्ञानबा मिलच्या धुरळ्याने खोकून खोकून तिथंच गेला.

सोलापुरात त्या काळी साहेबाचं काहीच कुणाला पटत नव्हतं. लोकांनी त्याच्या कापडाची होळी केली होती, लाठ्या खाल्ल्या होत्या. पण रक्ताची ती गोष्ट मात्र होळी करणाऱ्यांनाही पटलेली होती. ती पटायला साहेबाची गरजच नव्हती.

सुताचे व्यापारी चनबसप्पा असेच होळीला गेलेले, खादी वापरणारे, मऊ बोलणारे गृहस्थ. मैंदर्गीच्या शेतातला जोंधळा त्यांच्या घरी बैलगाडीने यायचा. त्या वर्षी घुशींनी जुनी कणगी खालून फोडली, तेव्हा नवी विणायला त्यांनी गोजाबाईला बोलावलं.

डालगं, टोपली कुठंही विणता येते. मोठ्या कणगीचं तसं नाही. ती दारातून आत जात नाही. म्हणून विणणाऱ्यालाच घराच्या आत घ्यावं लागतं, थेट कोठीच्या खोलीत, जिथं धान्याशेजारी भांड्यांची पेटी असते. चनबसप्पांच्या आईला, मल्लव्वाला, याचाच घोर होता. ती पहिल्या दिवशी दारातच पाट टाकून बसली. दुसऱ्या दिवशी तिची कंबर धरली. मग तिने सुनेला बसवलं.

“डोळा ठेव,” ती हेमावतीला म्हणाली. “बोलू नको फार.”

हेमावती मैंदर्गीची, वयाने विशीच्या आतली. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल दोन महिन्यांचं होऊन गेलं होतं. तेव्हापासून ती घरात पाय न वाजवता चालायची, आणि कुणी हाक मारली की दचकायची. डोळा ठेवायला बसलेली ती पोर पहिला दिवसभर जमिनीकडेच बघत होती.

गोजाबाई कणगीच्या आत उभी राहून विणायची. तुराट्या उभ्या रोवायच्या आणि त्यांतून निरगुडीचा ओला फोक खालीवर घालत गोल फिरायचं. भिंत तिच्याभोवती चढत गेली. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. खोलीभर निरगुडीचा कडवट वास भरला.

“अक्का, माहेर कुटलं?” तिने विचारलं.

“मैंदर्गी.”

“आगं बया! बाजाराच्या कडंला लिंबाचं झाड हाय न्हवं? तितं आमचं पाल पडायचं. तुज्या बाच्या घरची कणगी कुणी विणली असंल?”

हेमावतीने मान वर केली. “एक म्हातारा यायचा. गाढवाला पोरासारखा बोलायचा. त्यानं मला एवढीशी टोपली दिलेली. बाहुलीची.”

“माजा सासरा! गाढवाला बोलायचा, आन् आमाला गाढव म्हनायचा.”

हेमावती हसली. कित्येक महिन्यांनी त्या घरात ती हसली होती. माजघरातून मल्लव्वाने विचारलं, “काय झालं ग?” आणि दोघी गप्प बसल्या, चोरी पकडल्यासारख्या.

पुढच्या दिवसांत कणगी गोजाबाईच्या गळ्यापर्यंत आली. आता नुसतं डोकं दिसायचं, आणि ती वाकली की तेही नाही. मग हेमावती त्या विणलेल्या भिंतीला टेकून बसे आणि बोले. माणूस दिसत नसलं की बोलणं सोपं जातं. तिने बाळाचं सांगितलं. त्याच्या पायातले चांदीचे वाळे अजून पेटीत आहेत, अव्वा म्हणतात पुढच्याला होतील, पण पेटी उघडली की आपल्याला श्वास घेता येत नाही, हेही सांगितलं. कणगीतून नुसती फोकांची सरसर येत राहिली. मग आवाज आला, “माजी बी तिघं मातीआड हायती, लेकी. एकाचं नाव ठिवायचं बी ऱ्हाऊन गेलं. पाल हालवताना मागं बगू देत न्हाईत आमच्यात. मी बगितलं.”

गोजाबाईला या घरातून एकच गोष्ट हवी होती. सोजरचं लग्न झालं होतं. तिच्या नवऱ्याची वागणूक चांगली ठरली, म्हणून त्या दोघांना तारेबाहेरच्या चाळीत राहू देत होते. तिला मुलगी झाली होती, बजा. गोजाबाई मात्र आतच होती. नातीला बघायला चिठ्ठी लागायची, आणि हजेरीच्या घंटेला पोर कडेवरून उतरवावी लागायची. गावातल्या एखाद्या बऱ्या माणसाने साहेबासमोर येऊन ‘हिची मी खात्री देतो’ म्हटलं, तर तिलाही बाहेर राहता आलं असतं.

चनबसप्पांनी ते कबूल केलं होतं. “कणगी होऊ दे. मी स्वतः येतो आणि सांगतो.” त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

म्हणूनच ती संध्याकाळचा झाडा इतक्या निगुतीने द्यायची. हेमावतीला ते बघवत नसे. “नको ग करू असं. आम्ही म्हणतो का काही?”

“तुमच्यासाटी न्हाय अक्का. उद्या कुणी काय म्हनलं तर माज्याजवळ माजं मन तरी असावं, की मी झटकून निगालीवती.”

मल्लव्वाला ते आवडायचं. “त्यांच्यात जन्मून बाई सरळ आहे हो,” ती म्हणायची, आणि गोजाबाई गेली की कोठीत पाणी शिंपडायची.

काठ तेवढा राहिला त्या संध्याकाळी गोजाबाईने झाडा दिला, उरलेल्या फोकांचा भारा डोक्यावर घेण्यासाठी हेमावतीला हात लावायला सांगितला आणि पाठमोरी झाली. हेमावतीने भारा उचलून दिला. देताना तिने फोकांच्या मधोमध एक चिंधी खोचली. चिंधीत ते वाळे होते.

उघड दिले असते तर सासू देऊ देणार नव्हती, आणि गोजाबाई घेणार नव्हती. गोजाबाई तो भारा लेकीकडे नेईल, सोजर तो सोडेल, तिला चिंधी सापडेल, बजाच्या पायात वाळे वाजतील, एवढंच त्या मुलीने मनाशी बघितलं होतं. ज्याच्या दारात कधी झाडा होत नाही, त्याला दान लपवून देता येतं. दुसऱ्या दारात त्याच दानाला दुसरं नाव पडतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी वसाहतीचा पहारेकरी जोतीराम दारात उभा राहिला. जेऊरकडचा, आडव्या बांध्याचा, पण आवाज बारीक. त्याच्या हातात ती चिंधी होती. मागे गोजाबाई होती. रात्रभर तिला फाटकातल्या बाकावर बसवून ठेवलं होतं. ती मान खाली घालून उभी होती.

“सावकार, ह्ये तुमच्यातलं हाय का? हिच्या भाऱ्यात घावलं. म्हातारी म्हनती मला ठावं न्हाय. माजं मन बी घेत न्हाय, पर…”

मल्लव्वाने वाळे ओळखले. “आमचेच!” ती म्हणाली, आणि मट्‌कन खाली बसली. “रोज पदर झाडून दाखवायची, शिवा शिवा! भाऱ्यात!”

चनबसप्पांचा चेहरा उतरला. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. “गोजाबाई,” ते एवढंच म्हणाले.

तेवढ्यात हेमावती माजघरातून आली. परपुरुषासमोर ती कधी येत नसे.

“मी घातले.”

“तू आत जा,” मल्लव्वा म्हणाली.

“मी घातले, अव्वा. भारा उचलून देताना. हिला माहीत नव्हतं. माझ्या लेकराचे होते, मी हिच्या नातीला दिले.” तिचा आवाज फाटला, पण ती उभी राहिली. “मला विचारायचं तर मला विचारा. हिला नको.”

चनबसप्पांनी बायकोकडे बघितलं. ती खरं बोलते आहे हे त्यांना कळलं. बाळ गेल्यापासून तिने मोठ्याने म्हटलेलं हे पहिलंच वाक्य होतं, हेही कळलं असावं. ते हळूच म्हणाले, “दिले तर दिले. आपलेच होते.”

“सुटली की म्हातारी!” जोतीरामने चिंधी कोनाड्यात ठेवली आणि कपाळाचा घाम पुसला. “मी म्हनतच हुतो. पर सावकार, एक ऐका. आता हिचं नाव चोरीसाटी फाटकावर निगालं. तुमी आजच, आत्ताच चला साहेबाकडं. तुमचा शबुद पडला, तर सांजच्याला म्हातारी नातीपशी. न्हाय पडला, तर मग ह्ये असं ऱ्हातंय बगा. खोटं बी ऱ्हातंय.”

“चला,” चनबसप्पा म्हणाले. त्यांनी खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवली.

गोजाबाईने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

कोठीच्या खोलीतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मल्लव्वा कधी आत गेली होती, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग पितळेवर पितळ वाजलं.

“अव्वा, काय करतेस?” चनबसप्पांनी विचारलं.

“बघते.” आतून उत्तर आलं. “वाळे हिनं दिले, खरं आहे. बाकीचं? माझा लेक साहेबापुढं शब्द टाकणार, तर बघून टाकू दे की.”

“अव्वा!” हेमावती म्हणाली.

चनबसप्पांनी टोपी काढून हातात घेतली आणि ओसरीवर बसले. “बस गोजाबाई,” ते मायेने म्हणाले. “घटकाभराचं काम. अव्वाचं मोजून झालं की मलाही साहेबाला छातीवर हात ठेवून सांगता येईल. तुझ्याच भल्याचं आहे.”

त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. असती तर सोपं झालं असतं.

गोजाबाई बसली नाही. ती कोठीत गेली. एका अंगाला मल्लव्वा पेटीशी पाय पसरून भांडी मांडत होती, दुसऱ्या अंगाला काठ न वळलेली कणगी उभी होती. काठाशिवाय कणगी टिकत नाही. जोंधळ्याच्या भाराने वरून उसवत येते. गोजाबाई कालची तिपाई ओढून तिच्यावरून कणगीत उतरली आणि काठ वळू लागली.

“ओंदु, एरडु, मूरु,” मल्लव्वा कानडीत मोजत होती. वाट्या, फुलपात्रं, तांबे. मधेच तिचा हिशेब चुकला आणि ती पुन्हा पहिल्यापासून लागली.

हेमावती भिंतीला टेकून फोक देत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. कणगीच्या काठावरून एक हात खाली आला, निरगुडीच्या रसाने हिरवा झालेला. तो तिच्या डोक्यावर टेकला, जरा वेळ तसाच राहिला आणि पुन्हा कामाला गेला.

काठ वळून झाला. गोजाबाई बाहेर उतरली. तळहाताने तिने तो काठ सगळीकडून एकदा दाबून बघितला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा. मग ती कोनाड्यापाशी गेली. वाळे उचलून तिने हेमावतीकडे बघितलं. हेमावतीने होकाराची मान हलवली. गोजाबाईने तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

“ऐदु, आरु,” आतून आवाज येत होता.

ती उंबऱ्यापाशी आली. जोतीराम बाजूला झाला. चनबसप्पांची नजर नकळत तिच्या पदराकडे गेली आणि तिथं थांबून राहिली.

“थांब, गोजाबाई,” ते म्हणाले, “झालंच आता, थोडंच राहिलं असेल.”

गोजाबाईने पदर कमरेला घट्ट खोचला. दोन्ही वाळे बोटात अडकवले, सगळ्यांना दिसतील असे, आणि उंबरा ओलांडून ती चालू लागली. वाळे एकमेकांवर वाजत होते.