अण्णांनी न पाहिलेलं घर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आज सांगते आहे, पण सरळ सांगणं जमेल का, ठाऊक नाही. आधी घराबद्दल बोलू द्या.

माझी धाकटी बहीण नंदा आर्किटेक्ट. जिंतूरकडच्या आमच्या माळावर, तळ्याच्या काठाला तिनं घर बांधलं — काळ्या पोलादी खांबांवर उभं, चारी बाजूंनी काच. पहिल्यांदा आत गेले तेव्हा चप्पल काढून नुसती उभी राहिले. ओट्यापाशी उभं राहिलं तरी तळं दिसायचं. पळसाची सावली थेट फरशीवर हलत होती. इतकं देखणं काही आमच्या घरात कुणी केलं नव्हतं. कुणी करू शकेल, असंही मला वाटलं नव्हतं. हे तिला तेव्हा बोलून दाखवलं का? — नाही.

एक खोली तिनं अण्णांसाठी, आमच्या वडिलांसाठी, केली होती. पलंगावरून पाणी दिसावं अशी. अण्णा सेलूला माझ्याकडे राहायचे. आई गेल्यापासून त्यांचं सगळं मीच करत होते. आणि आता ते नंदाकडे निघाले होते — येईल त्याला सांगायचे, "नंदीनं लय डोकं लावलंय म्हणं."

अण्णांचा पाखरांवर फार जीव. गच्चीवर पाखरांसाठी पाणी ठेवल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. मला ते माहीत होतं — म्हणूनच तर...

"घर चांगलं हाय अण्णा," मी म्हणाले, "पण पाखरं काचंवर आपटून मरायलीत."

एकही मेलं नव्हतं. पाखरांना काच कळावी म्हणून नंदानं बाहेरून बारीक दोऱ्या सोडल्या होत्या. मी त्या हातानं चाचपून पाहिल्या होत्या. मग का बोलले? एकदा ते घर पाहिलं, की अण्णा परत येणार नाहीत, हे मला कळत होतं — मी तरी कुठं आले असते?

अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "मला न्हाई जायचं तिथं. तिला मातर काई बोलू नको."

नंदा कितीदा गाडी घेऊन आली. दर वेळी त्यांनी गुडघेदुखीचं कारण पुढं केलं. शेवटी ते माझ्याच घरी वारले.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे होते. काचेपलीकडं तळ्यावर ऊन उतरत होतं. नंदानं विचारलं, "ताई, अण्णांना का गं यावं वाटलं नसंल?"

मी म्हणाले, "जुनी माणसं. त्यांना असली घरं कुठं आवडतात."

तिनं मान हलवली.