बाबांनी बसवलेली चाल

मामा सौदीहून आले तेव्हा त्यांनी आम्हा दोघी बहिणींसाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. त्यातल्या एका कॅसेटमध्ये मारामारी नव्हती, जिंकणं-हरणंही नव्हतं. पडद्यावर रेघा यायच्या. त्यांवर मासा, छत्री, चांदणी अशी चित्रं मांडायची आणि बटण दाबलं की आपण मांडलेली चाल वाजायची. चित्र वर ठेवलं तर आवाज बारीक, खाली ठेवलं तर जाड.

बाबा आमच्या भिवंडीतल्याच एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. एका शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, ताईने सगळ्या चांदण्या अगदी वर मांडून एक बारीक आवाजाची चाल बसवली.

"बाबा, ऐका."

चाल संपली तरी बाबा पडद्याकडे बघत होते. "अगं, लाव की."

"वाजली ना आत्ता!"

"मग आवाज वाढव."

ताईने आवाज शेवटपर्यंत वाढवला. शेजारच्या चाची भिंतीवर थाप मारून ओरडल्या, "अरे, कम करो!" बाबा अजून वाटच बघत होते. आई परातीत कणीक मळत होती, तिचे हात थांबले. हाक मारली तर हा माणूस ओ देत नाही, म्हणून ती कित्येक वर्षं त्यांच्यावर चिडत आली होती.

डॉक्टर म्हणाले, लूमच्या खडखडाटाने कान गेलेत, उरलंसुरलंही जाईल. थोड्याच महिन्यांत शेठने सांगितलं, "मास्टर, अब आप आराम करो." बाबा जवळच्या अंजूरला एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागले. तिथे एक ट्रक मागे येत होता. हमाल ओरडले, ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाबांची पाठ होती. डावा पाय घोट्यापासून काढावा लागला.

नंतर ते घरीच असायचे. ऐकू येणं पार बंद झालं होतं. आम्ही शाळेतून यायचो तेव्हा ते गेम लावून बसलेले असायचे. चित्रं दिसायला चांगली वाटतील तशी मांडायचे, नक्षीसारखी. ती वाजायची मात्र भयंकर, कानात दाभण खुपसल्यासारखी.

बटण दाबून ते पडद्याकडे बघायचेच नाहीत, आमच्या तोंडाकडे बघायचे.

"कसं झालंय?"

ताई उठून मोरीत जायची. आई मात्र पदराला हात पुसत त्यांच्यासमोर बसायची, चाल संपेपर्यंत मान डोलवायची, आणि मग त्यांना ओठ दिसतील असं सावकाश म्हणायची, "छान."

"पुन्हा लावू?"

"लावा."